उत्तर ९५१ आले, सर!

दहावीनंतर शास्त्र शाखेला जायचे, असे तुमच्यापैकी पुष्कळांनी मनाशी ठरवले असेल. तिथे गेल्यावर काय काय वाट्याला येते, हे महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. मला स्वतःला ते एका भित्तिपत्रकावर वाचायला मिळाले, आणि तेही पंधरा-सोळा वर्षे भौतिकशास्त्र शिकवून झाल्यावर!

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आमच्या मुलांनी भित्तिपत्रक केले होते. सर रामन यांचे चित्र, अवकाशयानाचे चित्र, नेहमीचे सगळे होते. एका कोपऱ्यात मात्र वहीच्या दोन पानांवर निळ्या शाईत एक लेख चिकटवलेला होता आणि त्यापुढे मुलांची ही गर्दी! लेखकाने खाली नाव लिहिले होते, ‘एक उपेक्षणीय’. या नावाचा खुलासा लेखातच होता :

“पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात दोऱ्याचे वजन उपेक्षणीय माना, हवेचा रोध उपेक्षणीय माना, घर्षण उपेक्षणीय माना, असे लिहिलेले असते. शेवटच्या बाकावर बसणारा मी या यादीतला चौथा.”

मराठी शाळेतून आलेल्या मुलाची भाषेची अडचण त्याने अशी सांगितली होती : “त्वरण माझ्या ओळखीचे होते. नववीत आम्ही एकत्र होतो. कॉलेजात ते ‘ॲक्सिलरेशन’ हे नाव घेऊन आले आणि ओळखच दाखवीना. गावचा पोरगा चार महिने मुंबईला राहून आला की असाच वागतो.”

आणि मग लंबकाच्या प्रयोगाविषयी : “निसर्गाचे नियम सर्वांना सारखे लागू असतात हे आमच्या तुकडीने सिद्ध केले आहे. एकोणीस जणांचे उत्तर ९८० आले. कोणाचे ९७९.८, कोणाचे ९८०.३. माझे एकट्याचे ९५१. याचा अर्थ, माझ्या टेबलावर पृथ्वीचे आकर्षण कमी आहे. लठ्ठ माणसांनी येऊन बसावे, शंभर किलोमागे तीन किलो वजन फुकटात कमी होईल. दुसऱ्या आठवड्यात मी प्रयोग पुन्हा केला. या वेळी दोरा, गोळा, घड्याळ यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. उत्तर ९७९.९ आले आणि सही मिळाली.”

मुले हसत होती, मीही हसलो. (टेबलावर बसल्याने वजन कमी झाले तरी वस्तुमान तेवढेच राहील, हे सांगायची ऊर्मी शिक्षकाच्या जातीप्रमाणे आलीच.) शेवटचे वाक्य वाचताना मात्र माझे हसू मावळले. कारण ती सही माझी होती. त्याच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘पुन्हा करा’ असे लिहिणाराही मीच होतो.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. अक्षरावरून ओळखणे कठीण नव्हते. अभ्यासात तो खरोखरच मागे होता. सहामाहीत पस्तिशीच्याही खाली. बिचारा रागावणी खायच्या तयारीने आला होता. “पहिले पान फाडून टाकलेस का रे?” मी विचारले. “नाही सर,” म्हणत त्याने जर्नलच्या मागच्या खिशातून ते घडी करून ठेवलेले पान काढले.

हा प्रयोग तुम्हीही पुढे कराल, म्हणून थोडक्यात सांगतो. गोळा दोऱ्याला टांगून हलवायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून एका आंदोलनाचा आवर्तकाल काढायचा. दोऱ्याची लांबी आणि आवर्तकाल कळला की सूत्राने गुरुत्व त्वरण मिळते, सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. त्याने पन्नासपासून शंभर सेंटीमीटरपर्यंत सहा लांब्या घेतल्या होत्या आणि प्रत्येक लांबीला तीन तीनदा मोजणी केली होती. एवढी चिकाटी पहिल्या बाकावरही क्वचितच आढळते. त्याची उत्तरे क्रमाने अशी होती : ९४०, ९४९, ९४८, ९५६, ९५५, ९५९. सरासरी ९५१.

नीट पाहा. आकडे नुसते कमी नाहीत; लांबी वाढेल तसे, एखादा अपवाद सोडता, तेही वाढत जातात. आळशी माणसाची चूक इतकी शिस्तशीर नसते. हे मला सही नाकारताना दिसायला हवे होते. मी फक्त खालची सरासरी पाहिली होती.

आम्ही दोघांनी बसून आलेख काढला. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग. बिंदू एका सरळ रेषेत आले, पण ती रेषा आरंभबिंदूतून जाईना. मागे वाढवल्यावर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, दोन सेंटीमीटरला थोडे कमी, अशा ठिकाणी छेदत होती. याचा अर्थ प्रत्येक लांबी तेवढीच कमी मोजली गेली होती. “तू लांबी कुठपर्यंत मोजलीस?” तो म्हणाला, “गाठीपर्यंत.” दोरा गोळ्याच्या आकड्याला बांधतात ती गाठ. लांबी मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. आम्ही व्हर्निअर आणला. गोळ्याची त्रिज्या १.१ सेंटीमीटर, आकडा ०.८, एकूण १.९. त्याच्या आलेखाने गोळ्याकडे न पाहता गोळ्याचे माप सांगितले होते! रेषेच्या चढावर या चुकीचा काही परिणाम होत नाही. त्या चढावरून गुरुत्व त्वरण काढले, ते आले ९७७.

आता थोडे त्या एकोणीस जणांविषयी. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना बोटाची एक-दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते, आणि तेवढ्यानेच उत्तरात पाच ते दहा एककांचा फरक पडतो. सरासरी घेतल्याने तो कमी होतो, पण नाहीसा होत नाही. वीस मुलांनी मनापासून प्रयोग केला तर उत्तरे विखुरलेलीच यायला हवीत. सर्वांचे ९८० येणे हीच संशयास्पद गोष्ट.

त्यातून आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रात गुरुत्व त्वरण ९८० नाहीच! पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे मूल्य विषुववृत्तावर सुमारे ९७८.० आणि ध्रुवांवर ९८३.२ असते. पुस्तकातले ९८० हे ४५ अंश अक्षांशाच्या आसपासच्या मूल्यावरून, सोयीसाठी पूर्ण केलेले. मुंबईला ते ९७८.६ च्या जवळपास भरते, पुण्या-नाशिकला उंचीमुळे किंचित कमी. शाळेच्या लंबकाला एवढा बारीक फरक कळत नाही, हे खरे. तरीही आपण वर्षानुवर्षे मुलांकडून दुसऱ्याच गावचे उत्तर घोटवून घेतो आहोत, याचे मला हसू येते आणि लाजही वाटते.

हा फरक मुळात कळला तोही लंबकामुळेच. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील कायेन या विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी ग्रहताऱ्यांची निरीक्षणे करायला गेला. सोबत नेलेले लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते बरोबर चालण्यासाठी लंबक जेमतेम तीन मिलिमीटर आखूड करावा लागला. पॅरिसचे माप खरे आणि माझे खोटे, असे म्हणून त्याने नोंद बदलली असती तर कोणाला कळणार होते? त्याने जसे आढळले तसे लिहिले. पुढे १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा ही नोंद पुराव्यात होती. रिशेच्या नशिबाने त्याच्या वहीवर ‘पुन्हा करा’ लिहिणारा मी तिथे नव्हतो.

आता, खरे आकडे लिहिले की झाले, असेही मी म्हणणार नाही. गाठीपर्यंत मोजणे ही चूकच होती. पण ती सापडली, कारण आकडे खरे होते. ९७९.९ लिहिलेल्या पानात चूक शोधायची तरी कुठे?

मुलांना मी दोष देत नाही. दोन तासांची प्रात्यक्षिकाची वेळ, चारजणांत एक स्टॉपवॉच, पंधरवड्याने सबमिशन, आणि ९८० ला सही तर ९५१ ला लाल शाई. अशा व्यवहारात हुशार मूल काय शिकेल ते उघड आहे. सहकारी शिक्षकांना माझे म्हणणे एवढेच : प्रात्यक्षिकाचे गुण शेवटच्या ओळीला देऊ नयेत. नोंदींच्या तक्त्याला द्यावेत, आलेखाला द्यावेत, आणि ‘तुझे उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकेल?’ या प्रश्नाला द्यावेत. यावर मला शिक्षकांच्या खोलीत मिळालेले उत्तर असे : “बाहेरचे परीक्षक आले तर ते ९८० च बघतात.” ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर माझ्याजवळ तोड नाही. वर्षभराचे जर्नल तरी आपल्या हातात आहे, एवढेच.

आणि मागे पडलेल्या मुलाच्या विनोदाकडे नुसता विनोद म्हणून पाहू नका. समजत नाही असे वर्गात हात वर करून सांगायला धैर्य लागते. थट्टेत ते सांगता येते. त्या दोन पानांनी मला माझ्या अध्यापनाविषयी जे सांगितले, ते एकाही उत्तरपत्रिकेने सांगितले नव्हते.

तो मुलगा पुढे बारावी झाला, दुसऱ्या वर्गात. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर स्थिरांकांचा तक्ता आहे, त्यातल्या ९८० वर मी त्या वर्षीच कागदाची पट्टी चिकटवली. दर वर्षी लंबकाचा प्रयोग संपेपर्यंत तिचे एक टोक उचकटलेले असते. मी डिंक लावून ती पुन्हा चिकटवतो.