चिरनेरचा कोयता आणि भाच्याची यादी

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाचा घरी आला. शीरखुर्म्याची वाटी अर्धवट ठेवून त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, हे बघा. ऑर्डर करू का?" यादीत दहा इंची पात्याचा काळा चाकू होता, ठिणग्या पाडायची सळई होती, झोळी, साप चावल्यावर विष ओढायचा पंप आणि लष्करी रंगाची बॅग होती. बेरीज 14,000 रुपयांच्या वर जात होती. पोरगा एकोणीस वर्षांचा आणि अजून एक रात्रही जंगलात काढलेली नाही. बुशक्राफ्ट शिकायचं म्हणतो, म्हणजे रानात कमीत कमी सामानावर राहायची कला. कमीत कमी सामानासाठी एवढं सामान लागतं, हे मला नव्यानं कळलं.

त्याला हसायची इच्छा झाली, पण हसलो नाही. मोबाईल सोडून रानात जावंसं वाटणारी मुलं आपल्याकडे किती आहेत? वर्गात विचारून बघा.

पण यादी चुकीची होती, आणि का चुकीची, हे सांगायला मला चिरनेरला जावं लागतं. पनवेलजवळचं, उरण तालुक्यातलं हे गाव. 25 सप्टेंबर 1930 रोजी इथल्या आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगल कायद्यानं रानातला गावकऱ्यांचा हक्क आवळला होता, म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन डोंगर चढले. गोळीबार झाला, त्यात आठ गावकरी हुतात्मे झाले. नवश्या महादेव कातकरी हे त्यांतलं एक नाव. दरवर्षी त्या दिवशी तिथं अभिवादन होतं. मी एकदा शाळेची मुलं घेऊन गेलो होतो.

त्या वेळी डोंगराच्या वाटेवर वाडीतले एक कातकरी काका भेटले. अंगावर बंडी, कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला लाकडी आकडी, तिच्यात कोयता. दोन्ही हात मोकळे. त्यांचं सामान एवढंच. मी कौतुकानं कोयता हातात मागितला, तर त्यांनी आधी विचारलं, "गुरुजी, घरी सांगून आलात ना, कुठं चाललात नि कधी येणार ते?" मी खालच्या चहावाल्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या कोयत्याकडे नीट बघण्यासारखं आहे. टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे करवंदीच्या जाळीत घातला की काटेरी फांदी अंगावर न येता पात्यात अडकते आणि ओढताना तुटते. वजन पुढच्या बाजूला, म्हणून बांबूवर जोर कमी लागतो. चांगला लोहार तो गाडीच्या जुन्या पाट्यापासून करतो. ते पोलाद गंजतं खरं, पण ओढ्यातल्या दगडावर घासलं तरी धार येते. भाच्याच्या यादीतल्या चाकूची मूठ पोकळ होती, आत गळ आणि काड्या ठेवायला. 1982 च्या रॅम्बोच्या चित्रपटानंतर ही फॅशन जगभर गेली. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं नसेल तर चार लाकडं फोडताच ते मुठीतून खिळखिळं होतं.

म्हणून कोयता घे, असंही मी त्याला म्हटलं नाही. नवख्याचा कोयता लाकडावरून निसटतो आणि नडगीवर बसतो. शिकायचा असेल तर ज्याच्या हाताला तो आहे त्याच्याकडून, त्याचाच मागून, पाय मागे घेऊन मारायला शिकावा. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांना साधा घडीचा, तीन इंच पात्याचा चाकू पुरतो. दोरी कापायला, काकडी चिरायला अजून काय हवं?

आणखी एक गोष्ट होती. ती बोलायला मला जड गेलं. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. काळा, दातेरी, दहा इंची चाकू शेतीचं अवजार आहे हे तू लोकलच्या फलाटावर कोणाला पटवणार? मी बीएडला असताना एका स्टेशनवर माझी पिशवी तपासली होती. डब्यासोबत फळं कापायची सुरी होती. सोबतच्या मित्राकडेही तशीच होती. ओळखपत्रावरचं नाव वाचल्यावर मला बाजूला बसवलं, मित्राला जा म्हणाले. तो गेला नाही, माझ्याशेजारी बसून राहिला, म्हणून तासाभरात सुटलो. हा अन्याय आहे, मला मान्य आहे. पण भाच्याच्या खांद्यावर बॅग अडकवताना मी तो अन्याय नाहीच असं समजून वागू शकत नाही. "म्हणजे मी घाबरून राहायचं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, रानात जायचं. पण ज्या वस्तूचा रानात उपयोग नाही तिच्यासाठी फलाटावर का अडकायचं?

आता उरलेली यादी. ते व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथं रात्री आग पेटली नाही तर माणूस गारठून मरतो, म्हणून सगळी हुशारी आगीभोवती. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पाचोळा असा वाळलेला असतो की ठिणगीच शत्रू. वणवे असेच लागतात. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणंही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच. पावसाळ्यात उलटं: ठिणगी हजार पाडा, सरपण ओलं. तेव्हा सळईपेक्षा प्लास्टिकच्या डबीत काडेपेटी, मेणबत्ती आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे बरे, आणि तेही जिथं परवानगी आहे तिथंच.

आपल्या रानात माणूस उन्हानं आणि तहानेनं पडतो. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, टोपी. पैसे खर्च करायचेच तर बुटांवर करावेत, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, चांगली पकड असलेले. साप आणि विंचू यांच्यावरचा खरा उपाय बूट आणि टॉर्च. विष ओढायचा पंप निरुपयोगी आहे. चिरा देणं, घट्ट आवळून बांधणं तर घातकच. चावलेला भाग हलू न देता 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. लाल विंचवानं कोकणात किती जीव घेतले, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम वाचलं की कळतं. प्राझोसिन या गोळीनं त्यांनी तिथली माणसं वाचवली. म्हणजे औषध दवाखान्यात आहे, आपल्या बॅगेत नाही.

बाकी निळी ताडपत्री, दहा मीटर दोरी, शिट्टी, साधं होकायंत्र. होकायंत्राचा नमाजलाही उपयोग; आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. झोळी राहू दे. पहिल्या वर्षी सूर्य मावळायच्या आत घरी.

आणि उरलेल्या पैशांतून वाडीतल्या जाणत्या माणसाला एका दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, सोबत चालायची. कडूकंद कच्चा खायचा नसतो, तो कसा शिजवतात, कुठला ओढा मेपर्यंत टिकतो, हे त्याला विचारून शिकायचं. आपण हे ज्ञान परदेशी व्हिडिओंकडून विकत घेतो आणि ज्यांचं ते आहे त्यांना वीटभट्टीवर पाठवतो. मला हे खटकतं.

भाच्यानं चाकू, पंप आणि झोळी काढून टाकली. बूट ठेवले. काळी बॅग काढायला तयार नव्हता, मीही ताणलं नाही. रविवारी फजरनंतर निघायचं ठरलं आहे, चिरनेरला, त्या काकांच्या वाडीत.

काल रात्री बहिणीचा फोन आला. "भाईजान, त्याच्या बॅगेत चाकू-बिकू नाही ना?" मी म्हटलं, तीन इंचांचा आहे, काकडीसाठी. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तोसुद्धा तुमच्या पिशवीत ठेवा."