डबीतली नाणी कुणाची?

नाणी जमवण्याचा छंद म्हटला की डोळ्यांसमोर कोण येतं? हातात भिंग घेतलेले, नुकतेच निवृत्त झालेले एखादे काका. त्यांचे अल्बम, त्यांचं प्रदर्शन, पेपरात फोटो. त्या काकांबद्दल मला आदरच आहे. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट कधी लक्षात आलीय का? आपल्या घरात जी काही जुनी नाणी उरली, ती बहुतेक बाईच्या हातून उरली. देवघरातल्या डबीत, तांदळाच्या डब्यात, ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीत. कधी ओटीत आलेला, कधी सूनमुख पाहताना सासूने हातावर ठेवलेला राणीछाप रुपया आपणच जपला. दर लक्ष्मीपूजनाला बाहेर काढला, पुसून परत ठेवला. काकांचा तो 'संग्रह' आणि आपली मात्र 'बायकांची साठवण'! हा भेद मला मान्य नाही.

आपण 'पै पै जोडून संसार केला' म्हणतो. रुपयात अशा किती पया होत्या? तब्बल १९२! सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पया. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले आणि हा सगळा हिशोब संपला. पण 'सोळा आणे खरं' आणि 'बंदा रुपया' आपल्या तोंडून गेले नाहीत. गळ्यातली पुतळ्यांची माळ घ्या. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची सोन्याची मोहोर. तिच्यावर माणसांच्या आकृती होत्या, म्हणून आपल्याकडे ती 'पुतळी' झाली. समुद्रापलीकडचं नाणं आपल्या आजीने गळ्यात घातलं होतं!

भोकाचा पैसा पाहिलाय? दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून १९४३ पासून पैशाच्या मधोमध भोक पाडून धातू वाचवला. राणीछाप रुपयात शंभरातले जवळजवळ ९२ भाग चांदी असायची. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. लढाई दूर कुठेतरी चालली होती, पण तिची झळ आपल्या आजीच्या बटव्यापर्यंत पोचली होती. शाळेच्या पुस्तकापेक्षा हे नाणं जास्त सांगतं, नाही का?

आणि हीच नाणी आज दोन वाटांनी घराबाहेर चालली आहेत. पहिली वाट मोडीची. पैंजण करायचे म्हणून रुपये वजनावर घातले जातात. अडचणीला मोडावे लागले तर त्यात गैर काही नाही, संसारापुढे छंद मोठा नाही. पण आधी जाणकाराला दाखवायला काय हरकत आहे? एखाद्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा जास्तही असू शकते.

दुसरी वाट अधिक वाईट. आमच्या बचत गटातल्या एकीच्या मोबाइलवर मेसेज आला, 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळवा'. आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, मग कुरिअरचे. मुलीच्या फीसाठी ठेवलेली रक्कम गेली आणि नंतर फोनही लागेना. घरात बोलणी बसतील म्हणून बिचारी दोन महिने गप्प होती. अहो, ते नाणं २०१२ साली निघालेलं, वापरातलं! रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीरच केलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलं शुल्कही घेत नाही आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तरीही कुणी फसलीच तर लाजून बसू नये, लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

आता जपायचं कसं? सगळ्यात आधी, चिंच, राख, भांड्यांची पावडर यापासून नाण्यांना लांब ठेवा! घासलं की नाणं चकचकीत दिसतं, पण त्यावरची अक्षरं झिजतात आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत उतरते. नाणं कडेने धरावं. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, त्याने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकिटात एकेक वेगळं, कोरड्या जागी ठेवलं की झालं. शेतात किंवा जुन्या घराच्या पायात नाणी सापडली तर मात्र ती आपली म्हणून ठेवता येत नाहीत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

छंद म्हणून सुरुवात करायची तर पैसेही लागत नाहीत. भाजीवाल्याने परत दिलेली मोड पाहा. सालाच्या खाली चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. नाशिकला गेलात तर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आणि मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा.

पण माझ्या मते खरं काम आहे वहीचं. प्रत्येक पाकिटावर नंबर घाला आणि वहीत लिहा, हे नाणं कुणाकडून आलं, कोणत्या निमित्ताने, त्यावर साल काय. कारण १९५७ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहे. आण्यात बाजार केलेली ही शेवटची पिढी. एका आण्यात काय यायचं, हे सांगणारं माणूस गेलं की डबीत नुसता धातू उरेल.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने एक जुनं नाणं आणि त्याची हकिकत घेऊन यावं, असं आमच्या गटाने ठरवलंय. वाण काय, प्लॅस्टिकचे डबे दरवर्षी मिळतात. म्हाताऱ्या बायकांना मधल्या खुर्चीवर बसवायचं आणि आपण वही-पेन घेऊन समोर बसायचं. तुम्हीही करून पाहा. आणि वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.