भिंगाचें मोल

येत्या मार्गशीर्षांत आमच्या आईला ऐंशी वर्षें व आठ महिने पूर्ण होतील, आणि घरीं सहस्रचंद्रदर्शनाचा विधि व्हावयाचा आहे. चार बिऱ्हाडांचीं मिळून ३०-३२ माणसें जमतील. त्या प्रसंगाचीं छायाचित्रें घरच्याच मुलानें काढावीं, येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. परंतु पुतण्यानें त्यासाठीं जें नवें भिंग मागितलें, त्याची किंमत ऐकतांच दादांनीं चष्मा काढून खालीं ठेवला. "कॅमेरा आहे, भिंगहि आहे; मग आणखी एक कशाला?" हा त्यांचा प्रश्न. "काका, आतां तुम्हीच बाबांना समजावून सांगा," ही मुलाची विनवणी. दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आपण समजून घ्यावें, म्हणून मीं कांहीं दिवस या विषयांत घालविले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों. कारण असा वाद आज पुष्कळ घरांतून चालू असेल.

वादांतील दोन्ही भिंगें कॅनन कंपनीचीं व ५० मिलिमीटर केंद्रांतराचीं. आमच्याजवळ आहे तें २०२० सालीं निघालें. त्या वेळीं अमेरिकेंत त्याची किंमत १९९ डॉलर होती. मुलानें मागितलेलें २०१८ सालचें. त्याची किंमत तेव्हां २,२९९ डॉलर. पहिल्याचें वजन सुमारें १६० ग्रॅम, दुसऱ्याचें ९५०. पहिल्यांत ६ कांचा, दुसऱ्यांत १५. पहिल्याचें छिद्र अधिकांत अधिक एफ १.८ इतकें उघडतें, दुसऱ्याचें एफ १.२. केंद्रांतराला छिद्राच्या व्यासानें भागून हा अंक येतो. म्हणून अंक जितका लहान तितकें छिद्र मोठें. हिशेब मांडला तर महाग भिंगांतून सव्वादोनपट प्रकाश आंत येतो, आणि त्यासाठीं द्रव्य मात्र साडेअकरापट मोजावें लागतें!

यावरून कारखानदार लोकांस लुबाडतो, असें समजणें अन्यायाचें होईल. गोलाकार घासलेल्या कांचेच्या कडेवरून येणारे किरण मधल्या किरणांशीं एका बिंदूंत मिळत नाहींत. छिद्राचा व्यास दुप्पट केला कीं या दोषामुळें बिंदूला येणारा पसरटपणा सुमारें आठपट होतो. तो आवरण्यासाठीं कांचांची संख्या वाढवावी लागते, कांहीं कांचा मुद्दाम अगोलीय घडवाव्या लागतात, आणि सर्वांचे मध्य एका रेषेंत काटेकोर बसवावे लागतात. किंमत या श्रमांची आहे.

तथापि श्रम अधिक म्हणून फळहि नेहमीं अधिकच, असें नाहीं. जर्मनींतील झाईस कारखान्याच्या पॉल रूडोल्फ यानें १८९६ सालीं सहा कांचांचें 'प्लॅनार' भिंग रचलें. रचना उत्तम; परंतु हवा व कांच जेथें भेटतात अशा आठ पृष्ठभागांपैकीं प्रत्येकावरून शेंकडा चारपांच प्रकाश परत फिरे, आणि तो आंतल्या आंत भटकून चित्रावर पांढुरकी छटा आणी. त्याच रूडोल्फचें १९०२ सालचें 'टेसर' अवघ्या चार कांचांचें. तें साधें भिंगच पुढें कित्येक दशकें लोकांच्या हातीं राहिलें. १९३५ सालीं झाईसमधीलच स्माकुला यानें कांचेवर अतिशय पातळ लेप देऊन हें परावर्तन कमी करण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें बहुकांची भिंगांचे दिवस आले.

आतां आमच्या समारंभाकडे वळूं. सर्व मंडळी तीन रांगांत बसवून पांच मीटरांवरून चित्र घ्यावयाचें, तर महाग भिंग पूर्ण उघडून भागणार नाहीं. तसें केल्यास जेमतेम पाऊण मीटर खोलीच स्पष्ट येईल, आणि मागच्या रांगेंतील जांवई रुसतील! छिद्र एफ ८ पर्यंत लहान करावेंच लागेल. आणि तितकें लहान केल्यावर दोन्ही भिंगांच्या चित्रांतील फरक घरांतील कोणालाहि बहुधा ओळखतां येणार नाहीं.

औक्षणाची गोष्ट मात्र निराळी. माजघरांत उजेड कमी, आणि मोतीबिंदु काढल्यापासून आईला डोळ्यांपुढें लखलखाट सोसत नाहीं. तेथें स्वस्त भिंगाला सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असेल, तर महाग भिंगाचें काम एकशेंदहाव्या भागांत होतें. हात हलला तरी चित्र हलत नाहीं. येथें मुलाचें म्हणणें खरें आहे. जो रोज रात्रीं लग्नघरांत याच कामावर पोट भरतो, त्याला तें भिंग महाग नव्हे. आम्हांला तो प्रकाश वर्षांतून दोन दिवस हवा. शिवाय आजच्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता तेवढ्यापुरती वाढवितां येते. चित्रांत थोडे कण दिसतील, इतकेंच.

पण माझें मन एका निराळ्याच गोष्टीनें वळलें. वडिलांचें एकच छायाचित्र घरांत आहे. बाजारांतील छायाचित्रकारानें साध्या कॅमेऱ्यानें काढलेलें, कडेला पिवळें पडलेलें. तरी आई रोज सकाळीं तें पुसते. उलट तीन वर्षांपूर्वीं आमच्या आत्या वारल्या. त्यांचीं अखेरच्या दिवाळींतील चित्रें शेंकड्यांनीं होतीं, पण सगळीं एका मोबाईलमध्यें. तो पाण्यांत पडला, आणि आज त्यांच्या नातवाला दाखवावयास त्यांतलें एकहि उरलें नाहीं. त्या चित्रांना भिंगाची उणीव नव्हती. दोन रुपयांच्या कागदाची होती.

म्हणून आम्ही असें ठरविलें: महाग भिंग विकत न घेतां त्या दोन दिवसांपुरतें भाड्यानें आणावें, मोठ्या शहरांतून तशी सोय असते. वांचलेल्या पैशांतून चांगल्या कागदावर चित्रें छापून चारहि बिऱ्हाडांसाठीं एकेक संग्रह बांधून घ्यावा, आणि मूळ प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. वाचकांनींहि खरेदीपूर्वीं हीच विचारणा करून पाहावी: अंधारांतलें काम आपणांस किती, आणि काढलेलीं चित्रें छापतों किती?

मुलगा थोडा हिरमुसला. तेव्हां दादांनीं चष्मा पुन्हा चढविला आणि म्हणाले, "भाड्यानें आणशील तें भिंग दोन नव्हे, चार दिवस ठेव. आदल्या दोन दिवसांत आईवरच हात बसव."