तीन मिनिटं आणि दोन टक्के

मंडळी, या विकांताला खरं तर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवण्याच्या उद्योगाबद्दल लिहायचं होतं. ते पुढच्या वेळी. डोक्यात दुसरंच काहीतरी घोळतंय, ते आधी उतरवून टाकतो.

मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात राहतो. भाड्याचं घर, एच-वन व्हिसा, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. गावच्या शाळेशी माझा संबंध काय? शून्य. निदान गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत असंच वाटत होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर सोलापूरकडचं एक कुटुंब आहे. दादा आयटीवालेच. वहिनींच्या हातची शेंगाचटणी हा माझा हक्काचा रविवार. त्यांची मुलगी इथे आली तेव्हा तिसरीत होती. इंग्रजी वाचता यायचं, पण वर्गात तोंड उघडायची नाही. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत एक वेगळ्या बाई आहेत, त्यांनी सहा महिन्यांत तिला बोलतं केलं. आता ती माझे उच्चार सुधारते, तो भाग वेगळा.

एका शनिवारी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शाळेचं पत्र आलंय. पुढच्या वर्षी त्या बाई दोन शाळांत अर्ध्या-अर्ध्या वाटणार म्हणे. आणि लायब्ररीच्या बाईंची जागाच काढतायत. मंगळवारी मीटिंग आहे, हे नेमके क्लायंटकडे गेलेत. येता का सोबत?"

शेंगाचटणी खाल्लेल्या तोंडाने नाही कसं म्हणणार?

तर मीटिंग. शाळेच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी साडेसातला. समोर लांब टेबलामागे नऊजण बसलेले. हे बोर्ड ऑफ एज्युकेशन. यातली एक बाई मला फार्मसीत दिसते, एक आजोबा निवृत्त प्लंबर. सगळे गावाने निवडून दिलेले, तीन वर्षांची मुदत, आणि पगार शून्य. न्यू जर्सीच्या कायद्याने बोर्डाच्या सदस्याला मानधन घेता येत नाही. शाळा चालवणं हे त्यांचं कामही नाही. ती चालवणारा सुपरिंटेंडेंट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शिक्षणाधिकारी, हे लोक करारावर नेमतात. धोरण ठरवायचं, बजेट मंजूर करायचं, नेमणुकांना होकार द्यायचा, एवढं बोर्डाचं काम. आपल्याकडे शिक्षणाधिकारी वरून येतो. इथे गावचा प्लंबर त्याची मुलाखत घेतो. मला हे भारी वाटलं, लपवत नाही.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे कागद. इथल्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला आपल्या बजेटचा सोपा गोषवारा जाहीर करावा लागतो. त्याचं अधिकृत नाव 'यूझर-फ्रेंडली बजेट'! आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्या गोष्टीला यूझर-फ्रेंडली म्हणतो तेवढाच तोही यूझर-फ्रेंडली असतो :-) पण बसून वाचला तर कळतो. मी सोमवारी रात्री वाचून गेलो होतो.

आता पैशाचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे.

इथल्या शाळेचा मोठा आधार म्हणजे घरपट्टी. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला, आणि राज्यभरात गोळा होणाऱ्या या करातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. (मी घरमालक नाही म्हणून सुटलो असं समजू नका. मालक तो भाड्यात वसूल करतोच.) उरलेलं राज्य सरकार देतं. केंद्राचा वाटा किरकोळ.

आता दोन गावं घ्या. दोन्हीकडे शाळेत ५०० मुलं. पहिल्या गावातल्या सगळ्या मालमत्तेची किंमत २०० कोटी डॉलर, दुसऱ्याची ५० कोटी. दोघांनी शाळेसाठी एक टक्का कर लावला. पहिल्याकडे मुलामागे ४०,००० डॉलर येतात, दुसऱ्याकडे १०,०००. कराचा दर तोच, लोकांची इच्छा तीच, पण एका गावाच्या हद्दीत हायवेलगतची गोदामं आहेत आणि दुसऱ्याच्या नाहीत. पोरांचा यात काय गुन्हा?

हा प्रश्न इथे कोर्टात पन्नास वर्षं गाजतोय. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून एक कलम आहे, की ५ ते १८ वयाच्या मुलांसाठी राज्याने 'थरो अँड एफिशियंट' म्हणजे परिपूर्ण आणि कार्यक्षम अशी मोफत शाळांची व्यवस्था ठेवावी. १९७३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्या एका खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की शाळांच्या पैशातली विषमता ही केंद्रीय घटनेची बाब नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या कोर्टाने उलट सांगितलं, की आमच्या घटनेची मात्र आहे. सरकारने चालढकल केली तेव्हा जुलै १९७६ मध्ये कोर्टाने चक्क राज्यातल्या सरकारी शाळांना टाळं लावलं. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून फार बिघडलं नाही, पण आमदार हलले आणि राज्यात इन्कम टॅक्स आला. पुढे १९८५ पासून 'ॲबट' खटल्यांची मालिका, मग २००८ चा फॉर्म्युला. गावाची मालमत्ता आणि गावकऱ्यांचं उत्पन्न बघून गावाचा 'रास्त वाटा' काढायचा, कमी पडेल ते राज्याने द्यायचं. कागदावर हा फॉर्म्युला मला आवडतो. पण तो पूर्ण पैशानिशी वर्षानुवर्षं राबवलाच नाही, आणि २०१८ च्या कायद्याने सात वर्षांत हिशेब सरळ करायला घेतला तेव्हा ज्यांना जास्त मिळत होतं त्यांची मदत दरवर्षी कापली गेली. त्यात बरीच छोटी गावंही होती.

बरं, मदत कापली तर गावाने कर वाढवावा? तो वाढत नाही. २०१० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला करवसुली वर्षाला २ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. काही अपवाद आहेत, पण मोजके. त्यापलीकडे जायचं तर मतदान घ्या. गणित मांडून बघा: समजा करातून एक कोटी डॉलर येतात, म्हणजे वाढ दोन लाख. त्या कोटीतले ७५ लाख पगारावर, आणि शिक्षकांच्या करारात ३ टक्के वाढ. झाले सव्वादोन लाख. वाढ संपली, वर २५ हजारांचा खड्डा. आरोग्यविमा, बस, हीटिंग यांची वाढ अजून मोजलीच नाही.

म्हणजे त्या टेबलामागच्या नऊ जणांत कोणी व्हिलन नव्हता. मी व्हिलन शोधायला गेलो होतो, मिळाला नाही. त्यांच्यापुढे एक चादर होती. डोकं झाकलं की पाय उघडे.

मग लोकांच्या बोलण्याची वेळ आली. इथल्या सभांच्या कायद्याने (१९७५ चा आहे) स्कूल बोर्डाला प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. आमच्या बोर्डाचा नियम, माणशी तीन मिनिटं. नाव सांगा, पत्ता सांगा, बोला. नागरिक आहात का, मत आहे का, कोणी विचारत नाही.

एक गृहस्थ चौथीच्या गणिताचा निकाल घसरला म्हणून तावातावाने बोलले. शिक्षक काय करतात, आमचा टॅक्स जातो कुठे, वगैरे. इथे माझ्यातला इंजिनिअर अस्वस्थ झाला. छोट्या शाळेत एका इयत्तेत किती मुलं? समजा २४. गेल्या वर्षी १७ पास, यंदा १४. टक्केवारी ७१ वरून ५८. हेडलाईन होते 'निकाल १३ टक्क्यांनी कोसळला'. प्रत्यक्षात तीन मुलं! एकाला परीक्षेच्या दिवशी ताप, एक नुकता परदेशातून आलेला, एकाच्या घरी काही बिनसलेलं, संपलं. शिवाय दोन वर्षांची मुलंच वेगळी. राज्याच्या अहवालात १० पेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा झाकलेला असतो. तो मुलांची ओळख लपवायला, पण लहान आकड्यांची भीती तिथे निदान मान्य आहे. १० च्या वरचे आकडे मात्र लोक खुशाल दगडावरच्या रेघा समजतात. छोट्या शाळेचं मोजमाप तीन वर्षांच्या सरासरीने करा, तेच मूल वर्षभरात किती पुढे गेलं ते बघा. एका वर्षाच्या टक्केवारीवर शिक्षकाला झोडपणं म्हणजे एका सॅम्पलवर सर्व्हर बदलणं.

मग वहिनी उठल्या. कागदावर लिहून आणलं होतं, हात थरथरत होता. "माझी मुलगी सहा महिने वर्गात गप्प बसायची. आता ती हात वर करते." एवढंच मुख्य वाक्य. दीड मिनिटात खाली बसल्या. बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून वहीत काहीतरी लिहिलं. मीही उठलो आणि बजेटच्या एका ओळीबद्दल विचारलं. हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याने पान नंबर सांगून तिथल्या तिथे उत्तर दिलं. उत्तर मला पटलं नाही, पण मिळालं!

एप्रिलअखेरच्या सुनावणीत बजेट मंजूर झालं. इंग्रजीच्या बाई पूर्णवेळ राहिल्या. वहिनींनी पेढे केले. लायब्ररीच्या बाईंची जागा मात्र गेली. आम्ही जिंकलो ते कुणाच्या तरी जिवावर, हे पेढा खाताना जाणवत होतं.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडेही ही समिती आहे: तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कागदावर इथल्या बोर्डापेक्षा जास्त लोकशाही! पण त्या समितीच्या हातात काय? शिक्षकांच्या जागा संचमान्यतेने वरून ठरतात, पगार राज्याचा, बदल्या वरून. समग्र शिक्षा योजनेचं वार्षिक शाळा अनुदान ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती. आमच्या शाळेत एका गुरुजींची जागा दीड वर्षं रिकामी होती. समितीने तीनदा ठराव करून पाठवला. "कुठे गेला रे तो ठराव, देव जाणे," बाबा म्हणाले. "तुमच्याकडे निदान पान नंबर तरी सांगतात."

मला म्हणायचंय ते हे. इथे गावाकडे शाळेच्या चाव्या आहेत, पण तिजोरी गावाच्या नशिबावर. आपल्याकडे तिजोरी निदान सामाईक आहे, पण चाव्या गावाकडे नाहीत. आणि दोन्हीकडे लोक असं मानून चालतात, की एक हवं तर दुसरं सोडावंच लागेल. मला हे पटत नाही. पैसा राज्याने गोळा करून गरजेप्रमाणे वाटावा आणि खर्चाचा जाब गावाने विचारावा, यात विरोधाभास कुठे आहे? 'ज्याचा पैसा त्याचा शब्द' हा काही निसर्गनियम नाही. मीटिंगमधला तो जाब लोकांनी टॅक्स भरला म्हणून विचारला जातो असं म्हणतात. वहिनींनी तो पोरीसाठी विचारला होता.

राहता राहिला 'इतके छोटे डिस्ट्रिक्ट हवेतच कशाला' हा प्रश्न. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आणि जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट. काही डिस्ट्रिक्ट तर असे होते की त्यांना स्वतःची शाळाच नव्हती. बोर्ड आहे, बजेट आहे, मुलं शेजारच्या गावी! त्यातले बरेच २००९ च्या कायद्याने बरखास्त झाले, ते ठीकच. २०२२ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टांनी एकत्र येण्याच्या अभ्यासाला अनुदान दिलं, तेही ठीक. पण एकत्र करायचंच तर आधी ऑफिस करा. सुपरिंटेंडेंट, हिशेबनीस, बसचं कंत्राट, पगाराचं सॉफ्टवेअर. यात दोन-तीन गावांनी वाटून घेतलं तर पोराला काही फरक पडत नाही. वर्गाला हात शेवटी. आमच्याकडेही ते आधी झालं असतं तर लायब्ररीच्या बाई कदाचित वाचल्या असत्या. आपल्याकडे कमी पटाच्या शाळा 'समूह शाळे'त घालायची कल्पना २०२३ मध्ये निघाली तेव्हा हाच क्रम उलटा दिसला. आधी शाळा हलवायची, सहा वर्षांचं पोर तिथे पोचणार कसं ते नंतर.

असो. फार झालं. बोर्डाची पुढची मीटिंग मंगळवारी आहे. माझं लग्न अजून नाही, पोरं नाहीत, मत नाही. तरी जाणार आहे. तीन मिनिटं आहेत ना.