सांध्याचें बळ

मातीच्या घागरीस तडा गेला कीं घरची गृहिणी ती पाण्याच्या कामांतून काढून धान्य भरावयास घेते. तडा पडला म्हणजे वस्तूचें अर्धें आयुष्य सरलें, ही समजूत आपल्या मनांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, भंगलेली वस्तु आपली आपण सांधली जाते असें कोणी सांगितल्यास त्याची गणना पुराणिकांत व्हावयाची. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत प्लॅस्टिकच्या बाबतींत ही गोष्ट प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष घडून आलेली आहे. आणि यंत्रानें थर रचून घडविलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंचा वापर वाढत चालल्यामुळें तिचा विचार करणें आपणां सर्वांच्या कामाचें झालें आहे.

ज्यास थ्रीडी प्रिंटर म्हणतात, तें यंत्र छापखान्यापेक्षां आपल्या स्वयंपाकघरांतील सोऱ्यास अधिक जवळचें आहे. त्याचे प्रकार अनेक. परंतु घरगुती व शाळकरी कामांत जो प्रकार विशेष प्रचारांत आहे, त्यांत प्लॅस्टिकची १.७५ मिलिमीटर जाडीची तार सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेनें वितळवितात, आणि ती बहुधा ०.४ मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर पडून थरावर थर बसवीत जाते. ही युक्ति स्कॉट क्रंप या अमेरिकन अभियंत्याची. आपल्या लहान मुलीसाठीं खेळण्यांतील बेडूक करतांना गरम गोंदाच्या पिस्तुलानें थर रचण्याची कल्पना त्यांस सुचली, आणि १९८९ सालीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. एक थर ०.२ मिलिमीटरचा धरला, तर १० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूंत ५०० थर येतात आणि त्यांच्यामध्यें ४९९ सांधे. वस्तूचें खरें बळाबळ या सांध्यांवर ठरतें.

ज्या वाचकांनीं लहानपणीं संस्कृत व्याकरण घोकलें असेल, त्यांस ही गोष्ट चटकन् उमजेल. दोन पदें शेजारीं ठेवणें निराळें आणि त्यांचा संधि होणें निराळें. ‘देव’ आणि ‘आलय’ मिळून ‘देवालय’ झालें म्हणजे मधला ‘आ’ पहिल्या पदाचा कीं दुसऱ्याचा, हें वेगळें करून सांगतां येत नाहीं. थरांचेंहि तसेंच व्हावें लागतें. प्लॅस्टिकचे रेणु म्हणजे लांबच लांब दोरे. ताजा थर ऊन असतो तोंवर इकडचे दोरे तिकडच्या दोऱ्यांत शिरून गुंततात. दोऱ्यांच्या गर्दींतून सरपटत वाट काढण्याच्या या हालचालीचा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जील द झेन यांनीं १९७१ सालीं मांडला. पुढें १९९१ सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. अडचण ही कीं, थर फार लवकर निवतो. गुंतण्याचें काम अर्धवट राहतें, आणि संधि न होतां पदें नुसतीं शेजारीं बसतात. अशी वस्तु थरांच्या लांबीच्या दिशेनें ओढली तर बरीच टिकते; थर एकमेकांपासून विलग करणारी ओढ बसली कीं लवकर मोडते.

या मोडण्याची किंमत कधीं कधीं मोठी असते. दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्ग येथें सुतारकाम करणारे रिचर्ड व्हॅन ॲस यांचीं बोटें २०११ सालीं अपघातांत तुटलीं. अमेरिकेंतील आयव्हन ओवेन यांच्या साह्यानें त्यांनीं यंत्रावर छापतां येईल अशा कृत्रिम हाताचा नमुना तयार केला, आणि २०१३ सालीं तो सर्वांस मोफत खुला करण्यांत आला. तेव्हांपासून अनेक देशांतील स्वयंसेवकांनीं मुलांसाठीं असे हात छापून दिले आहेत. मूल पडणार, धडपडणार, दप्तर उचलणार. त्या वेळीं बोट सांध्यांत निखळलें, तर नवें छापून येईपर्यंत त्या मुलाचा हात थांबतो.

तडा पसरतो कसा, हें ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दाखविलें. कापडवाला कापडास कातरीनें लहानशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनीं तें सरळ फाडतो. सर्व ओढ चिरेच्या टोंकाशीं एकवटते. ग्रिफिथनें काचेचे तंतु ओढून पाहिले, तेव्हां तंतु जितका बारीक तितका तो जाडीच्या मानानें अधिक बळकट निघाला, कारण बारीक तंतूंत मोठ्या चिरेस जागाच नसते. छापील वस्तूंतील प्रत्येक कच्चा सांधा ही आधींच दिलेली चीर होय.

यावर उपाय दोन: तडा अडविणें आणि पडलेला तडा भरून काढणें. अडविण्याची विद्या शिंपल्यापाशीं आहे. शिंपल्याच्या आंतील चकाकणाऱ्या थरांत सुमारें ९५ टक्के द्रव्य चुनखडीच्या जातीचें व ठिसूळ असतें. उरलेलें मऊ व चिवट. सूक्ष्म विटा आणि त्यांमध्यें मऊ लेप अशी ही बांधणी असल्यामुळें तड्यास सरळ धांवतां येत नाहीं. वळणें घेतां घेतां त्याचा जोर सरतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील मार्कस ब्यूलर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं एक कठीण व एक मऊ अशीं दोन प्लॅस्टिकें एकत्र छापून ही बांधणी उतरविली. तडा रोखण्याचें तिचें सामर्थ्य दोन्ही घटकांहून पुष्कळ अधिक भरलें.

भरून काढण्याचा मार्ग इलिनॉय विद्यापीठांतील स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस प्रभृतींनीं २००१ सालीं दाखविला. त्यांनीं इपॉक्सी नांवाच्या कठीण प्लॅस्टिकांत द्रव औषधाच्या अतिसूक्ष्म कुप्या पेरल्या आणि तें औषध घट्ट करणारें जणुं विरजणहि मिसळून ठेवलें. तडा जातां जातां कुप्या फुटतात, द्रव भेगेंत उतरतो आणि विरजणास भेटून थिजतो. मूळ चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळाला. दोष इतकाच कीं, कुपी एकदां रिती झाली म्हणजे संपली. म्हणून २००७ सालीं त्याच विद्यापीठांत शिरांची युक्ति निघाली. आधीं मेणासारख्या शाईचें जाळें यंत्रानें रचावयाचें, त्याभोंवतीं इपॉक्सी ओतावयाची, ती घट्ट झाल्यावर शाई वितळवून काढून टाकावयाची, आणि मागें राहिलेल्या बारीक नळ्यांत औषध भरावयाचें. वरच्या लेपास त्याच जागीं पुन्हां पुन्हां पडलेला तडा अशा रीतीनें सात वेळांपर्यंत भरून आला.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कुपी असो वा शीर, ती भंग होण्याच्या आधींच बसवावी लागते. बाजारांतील सामान्य तारेंत असें कोणतेंहि औषध नसतें. तेव्हां सारी भिस्त जोडणीच्या वेळच्या काळजीवर. जिकडून ओढ बसावयाची, त्या दिशेनें थरांची लांबी येईल अशा बेतानें वस्तु यंत्रावर मांडावी. आंतले कोपरे गोल ठेवावे, कारण अणकुचीदार कोपऱ्यांत ओढ एकवटते. छपाई चालू असतां भोंवतालची हवा ऊबदार असावी, म्हणजे दोऱ्यांस गुंतण्यास अवसर मिळतो. मका किंवा ऊस यांपासून होणारें पीएलए नांवाचें प्लॅस्टिक सुमारें ६० अंशांवर मऊ पडतें. त्याची वस्तु उकळत्या पाण्यांत अथवा उन्हांतील बंद मोटारींत ठेवूं नये. आणि जी मोडली, ती टाकण्यापूर्वीं नीट पाहावी. भंग थराच्या रेषेंतून सरळ गेला असेल, तर सांधा कच्चा होता असें बहुधा समजावें.

आपल्या देशांतील पुष्कळ शाळांत अटल टिंकरिंग लॅबमुळें हें यंत्र आलेलें आहे. घरांतील मुलांस तें हाताळावयास मिळत असेल, तर एकच पट्टी एकदां आडवी व एकदां उभी छापून दोन्ही हातांनीं मोडून पाहावयास सांगावें. उभी पट्टी आधीं मोडेल. ती कां मोडली, हें मग मुलांकडूनच ऐकावें.