फिल्टरला नुसती हवा मारू नका

ऑफ-रोडिंगच्या गप्पांत टायर, सस्पेन्शन, सायलेन्सर यांवर तासन् तास काथ्याकूट होतो. एअर फिल्टरचं नाव मात्र कोणी काढत नाही. साहजिकच आहे म्हणा, तो फोटोत दिसत नाही! पण माझं स्पष्ट मत असं आहे की ज्याला कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची हौस आहे, त्याने फिल्टर स्वतःच्या हाताने उघडायला शिकलंच पाहिजे. आणि तो किलोमीटर बघून नाही, धूळ बघून बदलला पाहिजे.

थोडं गणित करू, शेवटी आपला पेशाच तो. 200 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला 3000 वेळा हवा ओढतं. फुल थ्रॉटलला, कागदावर तरी, हे झाले मिनिटाला 600 लिटर. प्रत्यक्षात जरा कमी, पण अंदाज आला ना? निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे तुमची बाइक एकटी ऐंशी-पंच्याऐंशी माणसांची हवा खाते. आणि ती कुठली? तर एप्रिलच्या फुफाट्यातली, पुढच्या मित्राच्या मागच्या चाकाने उडवलेली.

आता ही धूळ म्हणजे काय? दगडाचा चुरा. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमधलं फेल्डस्पार कठीणपणाच्या मोह्ज श्रेणीत 6 वर, राजस्थानच्या वाळूतला क्वार्ट्झ 7 वर. पिस्टन ज्या मिश्रधातूचा असतो त्यातलं मुख्य ॲल्युमिनियम 3 च्याही खाली. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो जेमतेम काही मायक्रॉनचा. त्याच मापाचा कण आत गेला की पॉलिश पेपरचं काम सुरू. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, तेव्हा असा कण डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. दिसतं ते खूप नंतर: पिकअप गेलेला, ऑइल कमी होतंय, सायलेन्सरमधून निळा धूर. मग बोअर-पिस्टनचं काम, म्हणजे हजारांत बिल. फिल्टर येतो काही शे रुपयांत.

युजरने फॉर्ममध्ये काहीही टाइप केलं तर ते न तपासता आपण डेटाबेसमध्ये सोडतो का? मग इंजिनच्या बाबतीत एवढा मोठेपणा कशाला?

यातला खरा घोळ असा की लोक चोंदलेल्या फिल्टरला घाबरतात आणि गळक्या फिल्टरकडे बघत नाहीत. चोंदलेला निदान सांगतो तरी, गाडी दम टाकते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर प्लगही काळा पडायचा. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून फ्युएल इंजेक्शन जवळपास सरसकट झालं. हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करून बरंचसं सांभाळून घेतो. पण फिल्टर फाटलेला असेल किंवा त्याची कड नीट बसलेली नसेल तर काहीच कळत नाही. गाडी मस्त पळते! आपल्या भाषेत सांगायचं तर एरर येत नाही, लॉग येत नाही, डेटा मात्र गुपचूप खराब होत राहतो.

म्हणूनच गॅरेजमध्ये पोरगा फिल्टर काढून दोनदा फरशीवर आपटतो आणि कॉम्प्रेसरची नळी टेकवून जोरात हवा मारतो, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्या दाबाने कागद फाटू शकतो. बाहेरून हवा मारली तर धूळ उलट आत रुतते. कोरड्या कागदी फिल्टरला मॅन्युअल परवानगी देत असेल तर कमी दाबाची हवा, तीही आतून बाहेर, एवढंच ठीक. तेलकट कागदाचा फिल्टर साफ करायचाच नसतो, सरळ बदलायचा. शिवाय कागदावर धुळीचा हलका थर बसला की तो आणखी बारीक कण अडवतो, त्यामुळे उगाच दर आठवड्याला फिल्टर उघडून झटकण्यातही शहाणपणा नाही.

फोमचा फिल्टर असेल तर गोष्ट वेगळी. तो धुण्यासाठीच बनवलेला असतो, आणि धुळीच्या प्रत्येक राइडनंतर धुवावा. फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल, मग साबणाचं पाणी. पेट्रोल नको, एक तर आगीची भीती, दुसरं म्हणजे जोडाचा गोंद सुटतो. पिळू नका, दाबून पाणी काढा. सावलीत पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं लावा, कडेला थोडं ग्रीस. कोरडा फोम बारीक धुळीला जवळपास मोकळाच सोडतो, धूळ धरतं ते ऑइल. आणि हो, ते वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका. फिल्टर बाहेर असताना एअरबॉक्स ओल्या फडक्याने पुसा, आतल्या पाइपाच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. परत बसवताना ते काढायला विसरू नका म्हणजे झालं.

काही जण म्हणतील, "अरे, आमच्या काकांची गाडी वर्षानुवर्षं हवा मारूनच चालतेय!" चालत असेल. काकांची गाडी डांबरी रस्त्याने ऑफिसला जाते. तुम्ही तीच सवय घेऊन धुळीच्या घाटवाटेवर जाताय. मॅन्युअलमध्येही धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला असं लिहिलेलं असतं, फक्त ते पान कोणी उघडत नाही.

माझा नियम सोपा आहे. कागदी असेल तर एक नवा फिल्टर घरात कायम ठेवायचा. फोमचे दोन ठेवायचे, एक गाडीत, एक धुऊन-ऑइल लावून डब्यात. आणि फिल्टरच्या आतल्या बाजूला, पाइपात, बोट फिरवून बघायचं. तिथे धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा दिसो, तो गेला. बोटाची टेस्ट, पाच मिनिटांची. पुढच्या वीकेंडला गाडी पुसायला घ्याल तेव्हा आधी सीट काढा आणि ही टेस्ट करा. चमकवायचं काम नंतर.