स्टेअरिंग आणि शेजारची जागा



दरवर्षीप्रमाणे गेल्या १ जानेवारीलाही आम्ही भीमा कोरेगावला गेलो होतो. विजयस्तंभाला मानवंदना दिली, पुस्तकांच्या दुकानांवरून दोन पुस्तके घेतली आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या बाजूला नोकरी करणाऱ्या भाच्याकडे मुक्कामाला गेलो. भाचा आपल्या सेनगाव तालुक्यातला. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या बहिणीने, दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून त्याला आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकच्या कोर्सला घातले. आज तो डोंगरातल्या एका जागेत हौशी पर्यटकांना दगडधोंड्यांच्या वाटेवरून गाडीत फिरवून आणतो.

"मामा, आज गर्दी नाही. मालकांना विचारलंय. तुम्हाला नि मामीला एक फेरी मारून आणतो," असे तो म्हणाला आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा तसल्या गाडीत बसलो.

या गाडीला इंग्रजीत साईड-बाय-साईड म्हणतात. म्हणजे शेजारी-शेजारी. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर चार चाकांची मोटारसायकल असते, तिच्यावर घोड्यासारखे टांग टाकून बसावे लागते आणि दुसरा माणूस मागे बसतो. हिच्यात तसे नाही. चालवणारा आणि सोबतचा, दोघांच्या खुर्च्या एका ओळीत असतात. पुढे मोटारीसारखे स्टेअरिंग, पायाशी एक्सलेटर आणि ब्रेक. दाराच्या जागी जाळी आणि डोक्यावर टपाऐवजी जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा. क्लच नाही, इंजिनाजवळ एक पट्टा फिरतो, तोच वेगाप्रमाणे गिअरचे काम करतो. टायर रुंद असतात आणि त्यांत हवा बेताचीच ठेवतात, म्हणजे ते दगडावर पसरून पकड घेतात. प्रत्येक चाक आपापले वर-खाली होते. आम्ही बसलो ती गाडी चार जणांची होती, दोघे पुढे, दोघे मागे. अशा गाडीला नंबरप्लेट नसते, त्यामुळे सरकारी रस्त्यावर ती आणता येत नाही. खाजगी जागेतच चालवायची.

मुलांची आई भाच्याच्या शेजारी बसली, आम्ही मागे. गाडी सुरू करण्याआधी त्याने दोघांनाही हेल्मेट घातले, पट्टे बांधले आणि ते ओढून पाहिले. मग म्हणाला, "मामी, गाडी कलंडायला लागली की माणूस आपोआप हात बाहेर काढून जमिनीला टेकवायला जातो. तोच हात नळीखाली सापडतो. म्हणून काही झालं तरी ही समोरची दांडी सोडायची नाही."

वाट म्हणजे काय सांगावे! पावसाळ्यात ओढा वाहून गेलेला, त्याच्या तळाचे धोंडे उघडे पडलेले. चढ आला की पोराने गाडी सरळ नाकासमोर घातली. चढावर आडवी वळवली तर गाडी कुशीवर पडते, असे त्याने सांगितले. स्टेअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटले की स्टेअरिंग झटका मारते आणि अंगठा मोडू शकतो. एका मोठ्या उतारावर तर तो गाडी थांबवून खाली उतरला, पायी जाऊन वाट पाहून आला, एक दगड लाथेने बाजूला सारला आणि मगच लो गिअर टाकून गाडी हळूहळू सोडली. ब्रेक गच्च दाबला तर चाके आवळतात आणि गाडी घसरते. लो गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. रोजची वाट असूनही तो उतरून पाहून आला, हे आम्ही मनात ठेवले.

खाली पोचल्यावर मामीने त्याला एक प्रश्न विचारला, जो आम्हालाही सुचला नव्हता. "बाळा, तुझ्याशेजारी बसणाऱ्या लोकांना तू कोणाचा, कुठला, हे ठाऊक असतं का रे?"

तो हसला. "मामी, डोक्यावर हेल्मेट असलं की आडनाव दिसत नाही. उताराला आले की मोठमोठे साहेब माझा दंड धरून बसतात. खाली उतरल्यावर चहा पिताना काहीजण विचारतात, पूर्ण नाव काय तुझं?"

हे ऐकून आम्हाला आमचा काळ आठवला. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १ मे १९९९ला. आम्ही परभणी जिल्ह्यातलेच. औंढ्याच्या डोंगराकडच्या, सेनगाव-कळमनुरीकडच्या वाड्या-वस्त्यांना रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. १९८२-८३च्या सुमारास आमच्या गावाकडे एक जीप प्रवासी भरून चालायची. एकदा बापाला हिव-ताप भरला म्हणून आम्ही त्याला तालुक्याला न्यायला निघालो. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. बापाला तिथे बसवू लागलो, तर ड्रायव्हर म्हणाला, "ती पाटलांसाठी ठेवलीय." पाटील त्या दिवशी आलेच नाहीत. बाप मागे पोत्यांवर, प्रत्येक दगडाला उडत, कण्हत तालुक्यापर्यंत गेला. पुढची जागा रिकामीच गेली. त्या जीपमालकाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, कारण तशा जीपा तेव्हा गावोगाव होत्या.

आपल्या समाजाचा आणि वाहनाचा संबंध असाच आहे. बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्यांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी पुस्तिका काढली. त्यांतल्या दोन आठवणी वाहनाच्या आहेत. घरातल्या मुलांना त्या जरूर सांगाव्यात.

पहिली १९०१ सालची. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. रामजीबाबा सातारा जिल्ह्यात नोकरीवर होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे! लेकरांनी कासरा हातात घेतला. जवळ जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी कोणी दिले नाही. पुढे वाटेत तोच गाडीवान गुपचूप गाडीत चढून बसला. विटाळ असा सोयीप्रमाणे चढतो आणि उतरतो.

दुसरी आठवण १९२९ सालची. बाबासाहेब तोपर्यंत बॅरिस्टर झालेले, कायदेमंडळाचे सभासद झालेले. धुळ्याकडून परत येताना चाळीसगावला आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनापासून वस्ती दूर. टांगेवाले म्हणाले, आम्ही यांना नेणार नाही. आपल्या लोकांना वाटले, एवढा मोठा माणूस, त्याला पायी कसे चालवायचे? मग टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एकजण बसला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. थोडे अंतर गेले तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचले. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले. घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेब मोरीच्या फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

बंधूंनो, टांगेवाल्याच्या नावाने आपण आजवर संताप केला आणि तो योग्यच आहे. जात नसती तर हा अपघातच झाला नसता. पण बाबासाहेबांनी आणखीही एक गोष्ट तिथे लिहून ठेवली आहे. चाळीसगावच्या लोकांनी आपला मान राखायला जाऊन आपला जीव धोक्यात घातला, असे त्यांचे म्हणणे. त्या लोकांच्या प्रेमात खोट नव्हती. त्यांना कोणी टांगा शिकवलाच नव्हता, तर ते तरी काय करणार? मात्र आज शिकायची सोय आहे. आज जर आपण न शिकता चाकावर बसलो, तर दोष टांगेवाल्यावर ढकलता येणार नाही.

हे लिहायला कारण घडले आहे. मागच्या हळदीच्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका वस्तीतला सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवत होता. वसमतकडची हळद तुम्हाला ठाऊकच आहे. काढणीला हात कमी पडतात. मालकाने चावी हातात दिली तेव्हा पोराची छाती फुगली. आईलाही कौतुक वाटले की, आपला पोरगा चाकावर बसला! मडगार्डवर दोन मित्र बसले. बांध चढताना त्याने ट्रॅक्टर तिरका घातला आणि तो कलंडला. मित्र उडी मारून वाचले. मुलाचे मांडीचे हाड मोडले. लायसन नाही, म्हणून मालकाने हात झटकले. आज आई दवाखान्याचे कर्ज फेडते आहे आणि पोराची दहावी राहून गेली आहे. चाळीसगावची मोरी अशी अजून आपल्या वाटेत उभी आहे.

पोराने चाकावर बसू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याने बसावेच. मान हवाच, पण मानाबरोबर कसबही हवे. तेव्हा पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मोटार किंवा ट्रॅक्टर चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात. आधी शिकाऊ लायसन, मग तीस दिवसांनंतर परीक्षा देऊन पक्के. २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. म्हणजे कौतुकापायी त्याची ड्रायव्हरकीची वाटच बंद होते. उलट रीतसर शिकले तर वाट मोठी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हलक्या मोटारीचे लायसन असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवता येते. गरिबाच्या लेकराला हे एक लायसन म्हणजे पोटापाण्याची चावी आहे.

दुसरे, यंत्र कितीही भारी असो, त्याच्या भरवशावर राहू नये. २००९ साली अमेरिकेत याच शेजारी-शेजारी बसायच्या जातीच्या, एका नामांकित कंपनीच्या सुमारे १ लाख २० हजार गाड्यांना दुरुस्ती करून द्यावी लागली. सपाट जागेवर वळतानाही त्या कलंडत होत्या आणि त्यांत माणसे दगावली होती. पट्टा न बांधणाऱ्याला पिंजरा वाचवत नाही. ट्रॅक्टरला तर पिंजराही नसतो. मडगार्डवर कोणाला बसवू नका, चढावर वाहन तिरके घालू नका, आणि वाट अवघड असेल तर खाली उतरून पायी पाहून या. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या आईने त्या दिवशी सांगितली. फेरी संपल्यावर ती भाच्याला म्हणाली, "मला धरू दे की रे एकदा स्टेअरिंग." तो ओशाळला. म्हणाला, "मामी, मालकांची परवानगी फक्त बसवायची आहे. माझी नोकरी आहे ही." तिला त्याचे बोलणे पटले, कौतुकही वाटले. पण परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ गप्प होती. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "शेजारची जागा मिळायला आपल्याला एवढी वर्षं लागली. पोरीला मी नुसतं शेजारी बसायला शिकवणार नाही."

हिंगोलीला आल्यावर आम्ही धाकट्या मुलीला ड्रायव्हिंग क्लासला घातले. तिचे एकोणीस वय आहे. वस्तीत कुजबुज झाली. पोरीच्या जातीला मोटार कशाला, असे आपल्याच एका वडीलधाऱ्यांनी म्हटले. 'पोरीची जात' हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही, एवढेच आम्ही त्यांना हात जोडून सांगितले. तिचे शिकाऊ लायसन आले आहे. परवा ती क्लासच्या गाडीतून औंढा रस्त्याने जाताना घराजवळून गेली. शेजारी शिकवणारे गुरुजी, स्टेअरिंग तिच्या हातात, पट्टा बांधलेला. आई दारात उभी होती. तिने हात केला, पण पोरीने मान वळवली नाही. डोळे सरळ रस्त्यावर होते.

आई घरात येऊन म्हणाली, "बरोबर शिकवतायत."

जय भीम! नमो बुद्धाय!